घरातल्या घरात हलवलेला पियानो: सूर आत्ताच लावून घ्यावा की पावसाळा संपल्यावर?

गंगापूररोडकर यांचा प्रश्न

सर्वांना सप्रेम नमस्कार. नाशिकला आमच्याकडे वडिलांनी घेतलेला एक जुना उभा पियानो आहे. आईच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाल्यावर तिची खोली तळमजल्यावर करावी लागली. त्यासाठी इतकी वर्षे घराच्या आतल्या भिंतीला लागून असलेला हा पियानो आम्ही दर्शनी खोलीत, पश्चिमेच्या खिडकीशेजारी आणून ठेवला. जिना उतरवण्याचा प्रश्न नव्हता. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेताना मध्ये दोन उंबरठे लागले, तेवढेच. चार धडधाकट माणसांनी तो सावकाश आणला आणि कुठेही आपटू दिला नाही. मात्र त्यानंतर लगेच पावसाने जोर धरला आणि तेव्हापासून वाद्याचा आवाज बदलल्यासारखा वाटतो.

बदल नेमका कोणता, ते सांगतो. मधल्या सप्तकातील स्वर खालच्या सप्तकांशी जुळत नाहीत. खर्ज पूर्वीपेक्षा जास्त घुमतो. मधली एक पट्टी दाबल्यावर वर यायला वेळ लावते आणि उजवे पेडल कुरकुरते. माझी पत्नी शास्त्रीय गाणे शिकलेली आहे. तिच्या कानाला पियानोवरचा गंधार चढा लागतो, पण तो हलवण्यापूर्वीही चढाच लागत असे, असेही तिचे म्हणणे आहे.

नात ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या पियानो परीक्षेची तयारी करते आहे आणि परीक्षा सप्टेंबरमध्ये आहे. आमच्याकडे येणारे ट्यूनर मुंबईहून येतात. त्यांची फी, प्रवास आणि मोडणारा दिवस पाहता त्यांना पुन्हा पुन्हा बोलावणे परवडत नाही. म्हणून विचारतो की, घरातल्या घरात हलवल्याने पियानोचा सूर खरोखर उतरतो का? ट्यूनरना आत्ताच बोलवावे की थांबावे? मोबाइलवरील ॲप आणि एखादा पाना घेऊन, किंवा आमच्या ओळखीच्या हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून, हे काम करून घेता येईल का? आपापल्या अनुभवावरून सांगावे, ही विनंती.

काळीपांढरी

नमस्कार. मी कॉलेज रोड परिसरात पियानो शिकवते. विद्यार्थ्यांच्या घरी पियानो इकडून तिकडे हलवला की पालक हाच प्रश्न विचारतात, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

हलवण्याच्या क्रियेने सूर फारसा उतरत नाही. पियानोच्या 88 पट्ट्यांसाठी साधारण 220 ते 230 तारा असतात आणि प्रत्येक तारेवर सत्तर-ऐंशी किलोचा ताण असतो. हा सगळा ताण, म्हणजे सोळा-सतरा टनांच्या आसपासचे ओझे, आतली बिडाची चौकट पेलत असते. इतक्या ताणाखाली बसलेली वस्तू चार माणसांनी जपून वीस-पंचवीस फूट सरकवली म्हणून तिच्या खुंट्या (ज्यांना तारा गुंडाळून ताणलेल्या असतात त्या) सैल होत नाहीत. अपवाद आहे तो खूप जुन्या, खुंट्यांची लाकडातील पकड मुळातच कमी झालेल्या पियानोचा. तो धक्क्याने उतरू शकतो.

सूर बदलतो तो हवेमुळे. तारांच्या मागे स्प्रूस लाकडाचा पातळ, किंचित फुगीर साउंडबोर्ड असतो आणि त्यावर बसवलेल्या घोडीवरून तारा जातात. दमट हवेत हे लाकूड फुगते, घोडी पुढे रेटली जाते, तारांवरचा ताण वाढतो आणि स्वर चढतो. कोरड्या हवेत याच्या उलट होते. पण हा बदल सगळीकडे सारखा नसतो. सर्वाधिक फरक मधल्या सप्तकांत पडतो. खर्जाच्या तांब्याने गुंडाळलेल्या जाड तारा वेगळ्या घोडीवर असतात आणि त्यांच्यावर परिणाम कमी होतो. अगदी वरच्या आखूड तारांवरही तो कमीच असतो. मधला भाग एकटाच चढला की तो खर्जाशी भांडू लागतो. आपण वर्णन केलेले लक्षण मला तेच वाटते.

ट्यूनरना फोन करण्यापूर्वी एक साधी परीक्षा करून पाहावी. मधल्या आणि वरच्या सप्तकांत एका पट्टीला तीन तारा असतात. खोलीतला पंखा बंद करून एकच पट्टी दाबून धरा आणि स्वर विरेपर्यंत ऐका. तंबोऱ्याची जोड नीट लागलेली नसेल तर जसा आवाज हेलकावतो तसा एकट्या पट्टीचा आवाज हेलकावत असेल, तर त्या तीन तारांमध्येच फूट पडली आहे, म्हणजे एखादी खुंटी सरकली आहे. एकटी पट्टी स्वच्छ वाजते पण तिचाच खालच्या सप्तकातला स्वर सोबत वाजवल्यावर हेलकावे येतात, असे असेल तर दोष खुंट्यांचा नाही, हवेचा आहे. कारण तिन्ही तारा घोडीवर शेजारी-शेजारीच असतात आणि लाकडाबरोबर बहुतेक एकत्रच चढतात-उतरतात. पहिल्या प्रकारात ट्यूनरना लवकर बोलवावे लागते. दुसऱ्या प्रकारात घाईत बोलावले तर पैसे वाया जाण्याची शक्यता असते.

वहिनींच्या गंधाराबद्दल मात्र निश्चिंत राहा. त्यांचा कान बरोबर आहे आणि पियानोही त्या बाबतीत दोषी नाही. पियानोवर सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. एका अर्ध्या सुराचे 100 सेंट धरले तर पियानोचा शुद्ध गंधार षड्जापासून 400 सेंटवर येतो, तर तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गंधार 386 सेंटच्या आसपास असतो. चौदा सेंटचा हा फरक गाणाऱ्याच्या कानाला खुपणारच. पंचमात हा फरक अवघा दोन सेंटचा असल्यामुळे तो कुणाला जाणवत नाही. ट्यूनरनी कितीही उत्तम सूर लावला तरी हा गंधार तसाच राहील, कारण तो तसाच लावायचा असतो. आपण ट्यूनरना "गंधार जरा खाली घ्या" असे सांगू नये, एवढ्यासाठी हे लिहिले.

ॲप आणि पाना यांच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे: करू नये. खुंटीचे डोके निमुळते चौकोनी असते आणि त्याला बरोबर बसणारी खास चावी लागते. साध्या पान्याने त्याचे कोपरे झिजतात आणि नंतर खऱ्या चावीलाही पकड मिळत नाही. शिवाय ॲपच्या पडद्यावर स्वर बरोबर दिसला म्हणजे काम झाले असे होत नाही. खुंटी फिरवताना ती आधी स्वतः किंचित पिळली जाते आणि मग लाकडात फिरते. हा पीळ सोडवून तिला जागेवर बसवले नाही, तर दुसऱ्या दिवशी तार पुन्हा सरकते. खुंटी "बसली" हे हाताला कळावे लागते आणि त्यासाठी वर्षे जातात. आणखी एक गोष्ट अशी की, जाड पोलादी तारेचे वरचे उपस्वर गणितापेक्षा थोडे चढे येतात. त्यामुळे जाणकार ट्यूनर वरची सप्तके किंचित चढी आणि खर्ज किंचित उतरता ठेवतो. साध्या ॲपमधील आकड्यांवर तंतोतंत लावलेला पियानो वरच्या टोकाला उतरलेला वाटतो.

हार्मोनियमच्या कारागिराविषयी पूर्ण आदर ठेवून सांगते की, त्यांचे काम पितळी सुरांचे आहे. पितळी पट्टीचे टोक खरवडले की स्वर चढतो, बुडाशी खरवडले की उतरतो. ती विद्या वेगळी आणि सव्वादोनशे ताणलेल्या तारांची विद्या वेगळी. ते जाणते असतील तर स्वतःच नाही म्हणतील.

सातपूर_लाकूडकाम

मी सुतारकाम करतो आणि पियानोच्या लाकडी भागांची, म्हणजे पाय, झाकण आणि पेडलच्या दांड्यांची दुरुस्तीही करतो. सुरातले मला कळत नाही, पण वरील चर्चेत फरशीचा विषय राहिला आहे.

आपल्याकडे नव्या खोलीतील फरशी डोळ्यांना सपाट दिसते, पण क्वचितच तशी असते. दर्शनी खोलीत तर पाणी बाहेर जावे म्हणून उंबरठ्याकडे उतार दिलेला असतो. उभा पियानो चार चाकांवर उभा असतो आणि त्यातले एक चाक अधांतरी राहिले की एवढ्या वजनाने मागचा सांगाडा किंचित पिळला जातो. चाकाखालून जाड कागदाचा तुकडा सरकवून पाहा. तीन चाकांखाली तो अडला आणि चौथ्याखालून आरपार गेला, तर त्या चाकाखाली पातळ प्लायचा तुकडा सरकवून आधार द्यायला हवा. हे काम सूर लावण्याच्या आधी व्हावे. नंतर आधार दिला तर लावलेला सूर पुन्हा हलू शकतो.

पट्टी अडकण्याचे कारण बहुधा किरकोळ असेल. पट्ट्यांच्या पुढे एक आडवी लाकडी पट्टी बसवलेली असते. ती पावसात फुगून किंवा हलवताना आत रेटली जाऊन पट्ट्यांना घासते. पट्टी आणि ते लाकूड यांच्यामध्ये एक व्हिजिटिंग कार्ड सरकवावे. कार्ड मोकळे फिरले नाही तर दोष तिथेच आहे. पियानो तिरका करताना वर ठेवलेली पेन्सिल किंवा नाणे पट्ट्यांमध्ये घरंगळले असेल, तेही बॅटरीच्या उजेडात पाहून घ्या. पेडल कुरकुरते कारण खालच्या फळीआडची लाकडी दांडी जागेवरून थोडी सरकलेली असते. खालची फळी एका स्प्रिंगने अडकवलेली असते, ती काढली की दांडी दिसते. तिथे खाण्याचे तेल किंवा मशीनचे तेल घालू नये. लाकूड आणि नमदा (लोकरीचे फेल्ट) ते शोषून घेतात आणि पुढे त्याचा चिकटा होतो.

आणि पियानो पुन्हा हलवायचा झाला तर पुढच्या दोन पायांवर जोर येऊ देऊ नका. उभ्या पियानोचे ते पाय वजन उचलण्यासाठी केलेले नसतात. सगळे वजन मागच्या बाजूला, बिडाच्या चौकटीपाशी असते, त्यामुळे उंबरठ्यावर तो मागे कलंडण्याचा धोका असतो. दोन माणसे कायम मागे हवीत.

देवळालीकर

आमच्या देवळाली कॅम्पातील घरी जुना जर्मन बनावटीचा उभा पियानो आहे. उष्ण आणि दमट देशांसाठी खास तयार होणाऱ्या पियानोंपैकी तो एक आहे. त्यात सांध्यांना नुसत्या सरसावर न विसंबता पितळी स्क्रू मारलेले असतात. इतकी काळजी घेऊन केलेले वाद्यही नाशिकच्या ऋतूंपुढे हलते, हे मी घरी आर्द्रतामापक ठेवून अनेक वर्षे पाहत आलो आहे. म्हणून थोडे हवामानाविषयी लिहितो.

मुंबईची हवा वर्षभर कमी-अधिक दमट असते, त्यामुळे तिथला पियानो एका ठरावीक पट्ट्यातच झुलत राहतो. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर, घाटमाथ्याच्या या बाजूला आहे. इथे मार्च-एप्रिलच्या दुपारी हवेतील आर्द्रता पंचवीस टक्क्यांच्याही खाली जाते आणि जुलै-ऑगस्टमध्ये ती ऐंशीच्या वर राहते. पुढे डिसेंबर-जानेवारीत निफाडच्या बागायतदारांची झोप उडवणारी कोरडी थंडी येते. पियानोला 40 ते 60 टक्क्यांच्या दरम्यानची, आणि मुख्य म्हणजे स्थिर, हवा मानवते. आपल्याकडे ती फार थोडे दिवस असते.

त्यामुळे आपण पियानो हलवला त्याच सुमारास पाऊस लागला, हा योगायोग नीट लक्षात घ्यायला हवा. पियानो आतल्या भिंतीलाच असता तरी मधली सप्तके या दिवसांत थोडी चढलीच असती. नव्या जागेने त्यात भर घातली, कारण आपल्याकडे पावसाचे झोत पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतात आणि बाहेरची पश्चिम भिंत ओल धरते. त्याच खिडकीतून एप्रिलमध्ये तिरपे ऊन थेट लाकडावर येईल आणि उन्हाळ्यात तिथेच कूलर लावला गेला तर ओली हवाही तिथेच फेकली जाईल. एका वर्षात एवढे सगळे सोसायला लावण्यापेक्षा त्याच खोलीतील आतली भिंत निवडावी आणि भिंतीपासून वीतभर अंतर सोडावे. उभ्या पियानोचा साउंडबोर्ड मागच्या बाजूला असतो. त्याला श्वास घ्यायला जागा मिळाली की आवाजही मोकळा येतो. आपला खर्ज घुमतो तो बहुधा पियानो कोपऱ्यात गेल्यामुळे. तो सुराचा दोष नसून खोलीचा आहे आणि ट्यूनर तो घालवू शकणार नाहीत.

जागा कायम झाली की निदान दोन-तीन आठवडे वाद्याला तिथे रुळू द्यावे. माझा सल्ला तर दिवाळीपर्यंत थांबण्याचा आहे. दसरा झाल्यावर भिंती वाळतात, ऑक्टोबरचे ऊन लागते आणि हवा मधल्या पट्ट्यात येते. त्या दिवसांत लावलेला सूर पुढे दोन्ही बाजूंना थोडा-थोडाच सरकतो. भर पावसात चढलेली मधली सप्तके ओढून खाली 440 वर (मध्य सप्तकातील पांढरी सहा, म्हणजे 'ए' स्वराची हर्ट्झमधील प्रमाण कंपनसंख्या) आणली, तर तीच जानेवारीत 440 च्या खाली जातील आणि आपल्याला पुन्हा खर्च पडेल.

पावसाळ्यात खालच्या फळीमागे मंद उष्णता ठेवण्याची जुनी रीत आहे. पूर्वी लोक त्यासाठी तिथे झिरोचा बल्ब लावून ठेवत. आता बाजारात मिळणारे झिरोचे बल्ब एलईडीचे असतात आणि त्यांचा काही उपयोग नाही, कारण ते तापतच नाहीत. आणि तापणारा बल्ब लाकडाला किंवा नमद्याला टेकला तर आगीचा धोका. यापेक्षा याच कामासाठी बनवलेली, आर्द्रता पाहून आपोआप बंद होणारी तापती दांडी ट्यूनरकडून बसवून घेणे चांगले. तेवढी सोय होईपर्यंत पावसाळी दिवसांत खिडकी बंद ठेवणे आणि ओले कपडे त्या खोलीत न वाळवणे, एवढे तरी करावेच. आमच्याकडे एवढ्यानेही आर्द्रतामापकाच्या काट्यात फरक दिसतो.

गंगापूररोडकर

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे तपासणी केली, ती कळवतो.

पंखा बंद करून एकेक पट्टी ऐकली. मधल्या सप्तकांतील जवळजवळ सर्व पट्ट्या एकेकट्या स्वच्छ वाजतात. वरच्या सप्तकातील दोन-तीन पट्ट्यांत मात्र हेलकावे आहेत. मध्य सप्तकातील पांढरी सहा ॲपवर 440 ऐवजी 442 दाखवते, तर त्याच स्वराचे दोन सप्तके खालचे रूप 110 च्या अगदी जवळ आहे. म्हणजे खर्ज जागेवर आहे आणि मधला भाग चढला आहे. मागच्या डाव्या चाकाखालून कागद सरळ आरपार गेला. पट्टी अडकण्याचे कारण पुढची लाकडी पट्टीच निघाली. तिचे दोन स्क्रू किंचित सैल करून ती केसभर पुढे घेतल्यावर पट्टी मोकळी झाली. आर्द्रतामापक आणला. पश्चिमेच्या खिडकीशी तो 80 च्या जवळ असतो आणि त्याच खोलीतील आतल्या भिंतीशी सत्तरच्या खाली. एकाच खोलीत इतका फरक असेल, असे वाटले नव्हते.

आता पियानो आतल्या भिंतीशी घ्यायचे ठरवले आहे. प्रश्न उरतो तो परीक्षेचा. दिवाळीपर्यंत थांबायचे तर नात तोपर्यंत बिघडलेल्या सुरावर रियाझ करणार, हे मनाला पटत नाही.

काळीपांढरी

तपासणी अगदी नीट झाली आहे. 440 चे 442 म्हणजे आठ सेंटची चढ. नाशिकच्या पावसात एवढी चढ नेहमीची आहे, तिने घाबरून जाऊ नये. वरच्या ज्या दोन-तीन पट्ट्या हेलकावतात, त्यांच्या खुंट्या मात्र ट्यूनरना आवर्जून दाखवाव्यात.

देवळालीकरांच्या हवामानविषयक प्रत्येक वाक्याशी मी सहमत आहे, पण दिवाळीपर्यंत थांबण्याच्या सल्ल्याशी या बाबतीत सहमत नाही. घरात मोठी माणसे हौसेने वाजवत असती तर मीही तोच सल्ला दिला असता. परंतु शिकणाऱ्या मुलाचा कान याच वयात घडतो. ट्रिनिटीच्या परीक्षेत कानाची चाचणीही घेता येते आणि बरीच मुले ती निवडतात. रोज तासभर जुळत नसलेली सप्तके ऐकून ती सवयीची झाली, तर तो दोष काढायला मला पुढे फार वेळ द्यावा लागतो. परीक्षा केंद्रावरचा पियानो वेगळाच असतो हे खरे, पण तिथे बसणारा कान घरीच तयार होतो.

यातून एक मधला मार्ग आहे आणि अनुभवी ट्यूनर तो आनंदाने स्वीकारतात. मधली सप्तके आज जिथे आहेत तिथेच ठेवायची, म्हणजे 441 किंवा 442 हाच पाया धरायचा आणि खर्ज व वरची टोके त्यांच्याशी जुळवून घ्यायची. असे केल्याने दोन गोष्टी साधतात. सगळ्या तारा ओढून खाली आणण्याची उठाठेव टळते, त्यामुळे सूर टिकतोही जास्त. आणि हिवाळ्यात मधला भाग उतरला तरी तो 440 च्या आसपास येऊन थांबतो, फार खाली जात नाही. पियानो एकटाच वाजणार असेल तर 440 आणि 442 यांतला फरक ऐकणाऱ्याला कळतही नाही. वहिनींच्या तंबोऱ्यालाही त्याची अडचण नाही, कारण तो हव्या त्या स्वरात लावता येतो. अडचण येईल ती फक्त हार्मोनियम किंवा बासरी यांच्यासारख्या ठाम सुराच्या वाद्याबरोबर वाजवताना. तसा प्रसंग नसेल तर ट्यूनरना फोनवर आधीच हे सांगून ठेवावे, म्हणजे त्यांनाही तयारीने येता येईल.

वेळेचा हिशेब असा ठेवावा. या आठवड्यात पियानो आतल्या भिंतीशी घ्या आणि चाकाखाली आधार द्या. नंतर तीन आठवडे त्याला अजिबात हलवू नका. ऑगस्टच्या अखेरीस ट्यूनरना बोलवा. तेव्हा पाऊस असेलच, पण वाद्य त्या हवेला सरावलेले असेल आणि परीक्षेपर्यंत हवेत मोठा पालट होणार नाही. नीट लावायला दीड-दोन तास लागतात. ट्यूनर अर्ध्या तासात उरकू लागले तर वरच्या सप्तकातील प्रत्येक पट्टी त्यांच्यासमोरच ऐकून घ्या. पुढच्या वर्षीपासून मात्र देवळालीकर म्हणतात तसा दिवाळीनंतरचा मुहूर्त कायम करावा आणि दरवर्षी त्याच पंधरवड्यात बोलवावे. दरवर्षी एकाच ऋतूत लावलेला सूर दरवेळी थोडाच दुरुस्त करावा लागतो.

सातपूर_लाकूडकाम

आतल्या भिंतीशी नेताना जमिनीवर जाड सतरंजी उलटी अंथरून पियानो तिच्यावर घ्या आणि सतरंजी ओढत न्या; छोटी चाके फरशीच्या सांध्यात अडकली तर लादी तडकते. नव्या जागी कागदाची परीक्षा पुन्हा करावी लागेल, कारण उतार बदलला की अधांतरी राहणारे चाकही बदलते. आधाराचा तुकडा रबराचा नको, तो दबत जातो. प्लाय किंवा सागाची चकती घ्यावी.

देवळालीकर

परीक्षेचा मुद्दा मी पुरेसा विचारात घेतला नव्हता. शिकणाऱ्या मुलीच्या कानाबद्दल ताईंनी जे लिहिले ते योग्यच आहे. मग खर्चाची अडचण सोडवू या. मुंबईहून सकाळी सुटणारी तपोवन एक्सप्रेस ट्यूनरना दुपारच्या आत नाशिक रोडला आणते आणि परतीची तपोवन संध्याकाळी मिळते. तेवढ्या वेळात दोन पियानो सहज होतात. देवळाली कॅम्पात आमच्या ओळखीच्या एका घरी पियानो आहे आणि त्यांनाही परीक्षेमुळे ऑगस्टमध्येच सूर लावून घ्यायचा आहे. ट्यूनरनी सकाळी स्टेशनवरून जवळच असलेले देवळालीचे काम करावे, दुपारी गंगापूर रोडला यावे आणि प्रवासखर्च दोन्ही घरांनी निम्मा-निम्मा वाटून घ्यावा, असे सुचवतो.

काम झाल्यावर त्या दिवसाची तारीख, कोणता पाया धरला आणि खोलीतील आर्द्रता किती होती, हे तीन आकडे ट्यूनरकडून एका कागदावर लिहून घ्या आणि तो कागद वरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. पुढच्या वेळी दुसरे कुणी ट्यूनर आले तरी त्यांना सुरुवात कुठून करायची हे कळते. आपल्याला ऑगस्टचा शेवटचा रविवार सोयीचा असेल तर येथेच कळवावे. मी त्या घरी आज संध्याकाळीच विचारून ठेवतो.

गंगापूररोडकर

शेवटचा रविवार सोयीचा आहे. पियानो या शनिवारी आतल्या भिंतीशी घेत आहोत. ट्यूनरशी आजच बोललो. मधल्या सप्तकाचाच पाया धरून बाकीचे जुळवायला त्यांची तयारी आहे आणि वरच्या सैल वाटणाऱ्या खुंट्यांसाठी लागणारे सामान ते बरोबर आणणार आहेत. देवळालीच्या घरचा होकार आला की गाडीचे तिकीट काढायला त्यांना सांगतो.